सोळा महिने कमी

आमच्या कॅम्पात सकाळची बस पकडायची नसे, बससमोर फॉलिन व्हायचं असे. दोन रांगा, बुटके पुढे, उंच मागे, हेल्मेट डाव्या बगलेत. रास तनुराच्या रिफायनरीला लागून रहिमा नावाचं गाव आहे, त्याच्या कडेला एका ठेकेदार कंपनीचा हा कॅम्प. त्यातल्या बेचाळीस माणसांना सकाळी रिफायनरीच्या गेटवर नेऊन सोडणं हे हाशम परकार यांचं काम. पगार त्यांना बस चालवण्याचा मिळे. परेड ते फुकट घेत.

"फौजी, लडाई किधर है?" आमचा तमिळ फोरमन विजयकुमार रोज विचारायचा.

"लडाई नहीं है, इसलिए तो टाइम पे पहुँचते हैं. शर्ट अंदर!"

आणि विजयकुमार, ज्याच्या हाताखाली तीस माणसं कामाला होती, तो मुकाट्यानं शर्ट खोचायचा. रास तनुरात सदासर्वकाळ चमकणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. एक रिफायनरीच्या चिमणीवरची ज्वाळा आणि दुसरे हाशमभाईंचे सेफ्टी शूज. सेफ्टी शूजना पॉलिश करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मी दोन हजार तीन साली तिथे टाइमकीपर म्हणून गेलो. म्हणजे कोण किती वाजता आला, किती वाजता गेला हे लिहायचं. महाडच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन वाळवंटात लोकांच्या हजेऱ्या मांडायला माणूस जातो तेव्हा त्याला आपण फार शिकलेलो नाही हे कळलेलं असतं. पण कॅम्पात इंग्रजी अर्ज लिहू शकणारा मराठी माणूस मी एकटाच निघालो, त्यामुळे माझा भाव अचानक वधारला. हाशमभाईंनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"गाव कुठला?"

"महाड."

"म्हणजे कशेडी घाटाच्या पल्याडचा. चालेल. आपण खेडचे. आजपासून तू क्लार्कसाब. आपल्या युनिटात अर्ज लिहिणाऱ्याला क्लार्कसाबच म्हणायचे. त्याच्याशी कोणी भांडायचं नाय, सुट्टी त्याच्या हातात."

माझ्या हातात कुणाचीच सुट्टी नव्हती. माझी स्वतःचीही नव्हती. सगळ्यांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, कपाटात होते आणि कपाटाची किल्ली त्याच्या मुलाच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. तरी क्लार्कसाब म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हाशमभाई फौजेत ड्रायव्हर होते. लेहच्या रस्त्यावर रेशनचे ट्रक चालवलेले. त्यांच्या कॉटखाली काळी लोखंडी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात फौजेतला नंबर, नाव आणि ट्रेड. इथे येऊन बारा वर्षं झाली तरी तो रंग त्यांनी उडू दिला नव्हता. दर ईदला ब्रश घेऊन अक्षरं पुन्हा गिरवायचे. ट्रंकेत तळाशी टॉवेल, टॉवेलात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डिस्चार्ज बुक. फौजेतून सुटताना मिळतं ते लहानसं पुस्तक. कधी भरती झाला, कुठे होता, कधी सुटला, का सुटला, सगळं त्यात. इतर लोक गादीखाली बायकोचा फोटो ठेवतात. हाशमभाई बुक ठेवत. बायकोचा फोटो बुकाच्या आत होता, एवढं म्हणावं लागेल.

खैरुन्निसाभाभी खेडजवळच्या गावात, आणि मुलगी मेहनाज, एकुलती एक. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की हाशमभाई रहिमाच्या टेलिफोन बूथवर कार्ड घेऊन उभे. भाभीशी बोलणं दोन मिनिटं: तब्येत, पाणी आलं काय, आंबा मोहरला काय. उरलेलं कार्ड मेहनाजचं. मी बाहेर माझ्या पाळीची वाट बघत उभा असायचो आणि काचेतून एअर ब्रेक ऐकायचो. होय, एअर ब्रेक. त्या पोरीला बसचा ब्रेक हवेवर कसा चालतो हे जाणून घ्यायचं होतं. ती विचारायची, आणि हाशमभाई एका हातात रिसीव्हर धरून दुसऱ्या हातानं हवेत टाकी, पाइप, झडप काढून दाखवायचे, जणू खेडला दिसतंय.

"हवा गेली तर ब्रेक लागतो, सुटत नाय! हां. लोकांना उलटा वाटतो. अगो, म्हणून तर गाडी वाचते... नाय, स्प्रिंग. स्प्रिंग आत बसलेली असते..."

कार्ड संपायला आलं की फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीत एक मिनिट उरल्याचं सांगायची आणि हाशमभाईंचं ठरलेलं वाक्य यायचं.

"अभ्यास कर. बाकी फौज बघून घेईल."

ही थाप नव्हती. माजी सैनिकांच्या मुलांसाठी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागा असतात आणि शिकवणीची फी माफ होते हे त्यांना त्यांच्या हवालदारानं लेहला सांगितलं होतं, पोरगी तेव्हा पाळण्यात होती. तेव्हापासून त्यांनी हे धरून ठेवलं होतं. सौदीच्या पगारातून दोन बहिणींची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला, आईचा दवाखाना झाला. पण मेहनाजचं शिक्षण सौदीचं नाही, ते फौजेचं, असा त्यांचा हिशेबच वेगळा होता. "हा पैसा रेतीचा. येतो नि जातो," असं म्हणायचे. "ती शिकणार ती बापाच्या बर्फातल्या वर्षांवर."

दोन हजार सहाच्या जूनमध्ये मेहनाजचा सीईटीचा निकाल आला. मार्क चांगले होते. खुल्या यादीतून सरकारी कॉलेजला थोडे कमी पडत होते, पण माजी सैनिकांच्या यादीत तिचं नाव वरच्या चार-पाचांत आलं असतं. हाशमभाईंनी त्या दिवशी बसमधल्या बेचाळीस जणांना खजूर वाटले आणि विजयकुमारला "आज शर्ट बाहेर चालेल" अशी सूट दिली.

मग अर्ज. मेहनाजनं खेडच्या सायबर कॅफेतून मला ईमेलवर फॉर्म पाठवला. "दादा, अब्बांकडून भरून घ्या, ते स्वतः भरायला गेले तर हुद्दा मोठ्या अक्षरात लिहितील आणि माझं नाव बसणार नाही." पोरगी बापावर गेली नव्हती, म्हणजे विनोद तिला कळत होता.

शुक्रवारी दुपारी एसी घरघरत असताना आम्ही त्यांच्या कॉटवर बसलो. हाशमभाईंनी हात धुतले, टॉवेल उलगडला, बुक बाहेर काढलं. मी भरत गेलो. भरती, ऑगस्ट ऐंशी. सुटका, एप्रिल चौऱ्याण्णव. सुटकेचं कारण. तिथे टाइप केलेली इंग्रजी ओळ होती. मी मराठीत वाचून दाखवली: "घरच्या अत्यंत बिकट परिस्थितीमुळे, स्वतःच्या विनंतीवरून, भरतीच्या अटी पूर्ण होण्याआधी."

"काय हो फौजी, एवढं काय बिकट झालं होतं?"

हाशमभाई खो खो हसले. "आईला लकवा मारला होता."

"अरेरे."

"अरेरे काय! आई पाटा-वरवंटा करत होती. लकवा डॉक्टरच्या कागदावर. सरपंचाचा पण कागद जोडला, घरात दुसरा पुरुष नाय. सगळे असाच करायचे. व्हिसा आला होता ना सौदीचा. आमचा एजंट म्हणाला, तीन महिन्यांत नाय चढलास तर व्हिसा दुसऱ्याला. पगार फौजेच्या चौपट. मी म्हटलं, साहेब, मला सोडा, आई अंथरुणात हाय. साहेबाचे डोळे पाणावले, क्लार्कसाब! आणि मुंबईच्या विमानतळावर मला सोडायला आली कोण? आईच. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन."

मीही हसलो. ओळ जशीच्या तशी उतरवली, खाली त्यांची सही घेतली. खरं सांगायचं तर इंग्रजीत ती ओळ मला भारदस्त वाटली होती. मी टाइमकीपर होतो. माणूस वेळेआधी निघून गेला तर त्याचं काय होतं हे सगळ्या कॅम्पात फक्त मलाच माहीत असायला हवं होतं.

बुक आणि फॉर्म, सुट्टीवर निघालेल्या मुस्तफाबरोबर गेले. मुस्तफा वेल्डर, हाशमभाईंच्या शेजारच्या गावचा. बुक देताना हाशमभाईंनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं की ते बॅगेत नाही, अंगावर न्यायचं. मुस्तफा म्हणाला, "चाचा, पोटाला बांधून नेतो, बाळंतिणीसारखा."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मला मेहनाजची ईमेल आली. तिचं इंग्रजी नेहमी नीटनेटकं असायचं. त्या दिवशी सगळं रोमन अक्षरांतलं मराठी होतं.

ती अम्मीबरोबर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेली होती. तिथल्या कारकुनानं खुर्ची दिली, पाणी दिलं, बुक दोनदा वाचलं. मग म्हणाला, बाळ, तुझे वडील फौजेत होते, पण नियमाप्रमाणे ते माजी सैनिक नाहीत. स्वतःहून नोकरी सोडली असेल तर पेन्शनची पंधरा वर्षं भरलेली लागतात. यांची तेरा वर्षं आठ महिने. सोळा महिने कमी. दाखला देता येणार नाही. तिनं लेखी मागितलं, त्यांनी लेखी दिलं.

शेवटी तिनं लिहिलं होतं: "दादा, अब्बांना हे सांगू नका. मी त्यांना सांगितलंय की त्या यादीतही मला दोन मार्क कमी पडले. अम्मीलाही तेच सांगायला लावलंय. तुम्हाला माझी शपथ."

मी दोन वेळा उत्तर लिहिलं, दोन्ही वेळा खोडलं. तिसऱ्यांदा "ठीक आहे" एवढंच पाठवलं.

त्या शुक्रवारी बूथबाहेर मी उभा होतो. आत एअर ब्रेक नव्हता.

"दोन मार्क?" हाशमभाई म्हणत होते. "तेरा वर्षं मी बर्फात घातली. माझी बोटं अजून थंडीत वळत नाहीत. आणि तुझ्यानं दोन मार्क निघाले नाहीत?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. नंतर त्यांनीच सांगितलं, चिडून. "'हो अब्बा' म्हणाली. फक्त 'हो अब्बा'. लाज वाटली असेल."

मी म्हटलं, "प्रायव्हेट कॉलेजला टाका ना. अजून दोन वर्षांचं कंत्राट घेऊ तुमचं."

"मार्क नसताना सीट विकत घ्यायची? फौजेत असं नसतं, क्लार्कसाब. ज्याला जमला त्याला जमला."

शब्द अगदी माझ्या ओठांपर्यंत आले होते. शपथ म्हणजे काय मोठीशी गोष्ट, माझ्या लहानपणी आम्ही दिवसाला दहा घ्यायचो. पण त्या माणसाला मी काय सांगणार होतो? तुम्ही फौजी नाही? त्यांच्या ट्रंकेवर बसून? त्यांच्या बुटांसमोर? मी गप्प बसलो, आणि गप्प बसलेल्या माणसाला पुढे सगळं सोपं जातं, हे त्या वर्षी शिकलो.

त्यानंतर शुक्रवारचं कार्ड निम्मं उरायला लागलं. भाभीशी दोन मिनिटं, मेहनाजशी एक. खेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. "शिकते," एवढंच म्हणायचे. नोव्हेंबरात एक स्थळ आलं. मुलगा हाशिर, जेद्द्याच्या शराफिया भागात मोबाइलच्या दुकानात. स्वभावानं चांगला, निर्व्यसनी. आमच्याकडची लग्नं मुहूर्तावर होत नाहीत, मुलाच्या सुट्टीवर होतात. हाशिरला जानेवारीत तीन आठवडे होते. हाशमभाईंना जूनशिवाय सुट्टी नव्हती. प्लांटचं मोठं शटडाउन होतं. त्यांनी भावाला फोनवर सांगितलं, माझ्या वतीनं तू उभा राहा. पूर्वी जी विचारणा आली होती तिला त्यांनी "माझी पोरगी इंजिनियर होणार, चार वर्षांनी या" असं सुनावून परत पाठवलं होतं. या वेळी चार वर्षांचं नाव कोणी काढलं नाही.

"तिला विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारला. 'तुम्ही म्हणाल तसं अब्बा.' गुणी हाय पोर. डोक्यानं कमी, पण गुणी."

निकाहाच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी बस काढली. मोबाइल शर्टाच्या खिशात चालू ठेवला होता, भाऊ 'कबूल' ऐकवणार होता. रिफायनरीच्या गेटच्या आत मोबाइलला बंदी, म्हणून त्यांनी गेटबाहेर बस थांबवली आणि बेचाळीस माणसं पाच मिनिटं हेल्मेट मांडीवर घेऊन गप्प बसली. विजयकुमारसुद्धा. त्या दिवशी त्या बसची वेळ पहिल्यांदा चुकली. मी हजेरीत 'टायर' असं कारण लिहिलं.

मार्चमध्ये मुस्तफा बिनपगारी सुट्टी काढून पुन्हा गावी जाऊन आला. या वेळी येताना बुक आण, असं हाशमभाईंनी बजावलं होतं. "पोरीचं काम तर झालं नाय, मग बुक तिथे कशाला? माझ्या ट्रंकेत पायजे." मुस्तफानं कोकम आणलं, सुके बोंबील आणले, लग्नातला खाजा आणला आणि भाभीनं एका पिशवीत भरून दिलेले सगळे कागद आणले. भाभीला लिहायला-वाचायला येत नाही. बुकाबरोबरचा कागद बुकाचाच असणार, म्हणून तिनं तो आत घालून दिला.

हाशमभाई संध्याकाळी माझ्या खोलीत आले. हातात पत्र. सरकारी, छापील डोक्याचं, खाली गोल शिक्का. त्यांना मराठी वाचता यायचं, पण सरकारी मराठी हे प्रकरण वेगळं असतं.

"क्लार्कसाब, हे काय ते बघ. माझं नाव हाय वरती."

मी बघितलं. तारीख ऑगस्टची.

"जुनं आहे," मी म्हटलं. "तसंच काहीतरी. पोच वगैरे."

"वाच."

"नंतर वाचतो, जेवून—"

"वाच," ते म्हणाले. फॉलिनच्या आवाजात नाही. त्या आवाजाला मी हसून टाळलं असतं.

मी वाचलं. आपले वडील श्री. हाशम परकार यांच्या सेवामुक्ती पुस्तिकेचे अवलोकन केले असता. स्वेच्छेने. निवृत्तिवेतनास पात्र नसल्याने. माजी सैनिक या व्याख्येत बसत नाहीत. सबब पाल्य म्हणून दाखला देता येत नाही. कळावे.

"म्हणजे?"

मी म्हणजे सांगितलं.

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. मग बोटांवर मोजायला लागले. एप्रिल चौऱ्याण्णव, मे, जून. दोन हात संपले, परत पहिल्या हातावर आले.

"सोळा," ते म्हणाले. "सोळाच होतात." मग म्हणाले, "तुला माहीत हाय, मी इथे आलो तेव्हा तो व्हिसा बोगस निघाला. कंपनीच नव्हती. रियाधला बत्हा बाजारात बोचकी वाहिली मी. कापडवाल्यांची. एक वर्ष, वर आणि तीन-चार महिने. मग ही बस मिळाली." पुन्हा बोटांकडे बघितलं. "तेवढेच झाले की रे."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"तिला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला?"

"हो."

मला वाटलं शिवी देतील. मी शिवीची वाट बघत होतो, ती आली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पत्राची घडी घातली, जुन्या घडीवरच, आणि म्हणाले, "दोन मार्क. एक नाय, दोन. एक म्हटलं असतं तर मी तपासायला लावलं असतं. हुशार हाय पोर."

त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी ते बूथवर गेले. मीही गेलो. मेहनाज अजून खेडलाच होती, तिचा व्हिसा यायचा होता. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती.

"मेहनाज... जेवलीस काय?"

मग काहीच नाही. पलीकडून ती बोलत असावी, कारण ते मान हलवत होते. मग तीही थांबली असावी. रिसीव्हर कानाला लावून तो माणूस नुसता उभा होता, आणि कार्डातली मिनिटं आपोआप संपत होती. शेवटी ती इंग्रजी बाई एक मिनिट उरल्याचं सांगायला आली. हाशमभाईंनी तोंड उघडलं. त्या मिनिटाला बोलायचं त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, बारा वर्षांपासून. तोंड त्यांनी तसंच मिटून घेतलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तिनं ओळखलं. मला म्हणते, अब्बा, तिथे गरम व्हायला लागलं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस माणसं सवयीनं दोन रांगांत उभी राहिली. बुटके पुढे, उंच मागे. हाशमभाई आले, बसचं दार उघडलं, सीटवर जाऊन बसले.

रांग तशीच.

"चढो ना," ते म्हणाले. "खडे क्यों हो?"

विजयकुमारनं माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीच्या कागदाकडे पाहिलं. मग विजयकुमारनं शर्ट खोचला, कोणी सांगितलं नव्हतं, आणि पहिला चढला. त्याच्यामागे एकेक, रांगेतच, ठेच लागल्यासारखे सगळे चढले. हाशमभाईंच्या बुटांवर धूळ होती. त्या वर्षीच्या ईदला त्यांनी ट्रंकेवरची अक्षरं गिरवली नाहीत.

पुढच्या वर्षी, दोन हजार आठच्या रमझान ईदला ते मेहनाजला भेटायला जेद्द्याला गेले आणि सोबत मला घेऊन गेले. दम्मामहून जेद्दा म्हणजे अख्खा देश आडवा कापायचा. हाशमभाई प्रवासी म्हणून बसमध्ये बसले की बघवत नाही. सगळी वाट ते उजव्या पायानं ब्रेक दाबत होते. "असा कापतो काय वळणावर? हा ड्रायव्हर हाय की हज्जाम?" मला बरं वाटलं. दीड वर्षात प्रथमच त्यांनी कुणालातरी नावं ठेवली होती.

"काय बोलणार तिच्याशी?" मी विचारलं.

"माफी मागणार. ठरवलाय मी. दारातच मागणार, आत जायच्या आधी."

शराफियात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. खाली मंगलोरी हॉटेल, त्याचा वास थेट जिन्यात. दार मेहनाजनंच उघडलं. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बापाचं कपाळ, बापाचे कान. कडेवर सात-आठ महिन्यांचा पोरगा.

"अब्बा, बूट बाहेर," ती म्हणाली. "आणि हे काय, पॉलिश नाही? तुमचं कोर्ट मार्शल करू काय?"

झालं. माफी जिन्यातच राहिली. हाशमभाई नातवाला घेऊन आत गेले.

हाशिर खरंच चांगला मुलगा निघाला. माझ्यासाठी मुद्दाम शाकाहारी केलं होतं, मी शाकाहारी नाही हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर शिरखुर्मा आला, ताटं आली.  आणि मग मेहनाजनं वाढता वाढता सहज विचारलं, "अब्बा, कंपनीनं नव्या बसेस घेतल्या ना? त्यांना ए.बी.एस. आहे?"

हाशमभाईंचा घास हातात राहिला.

"हाय," ते म्हणाले. "सगळ्यांना हाय."

"म्हणजे हवेचाच ब्रेक, पण चाक अडकत नाही, असंच ना? कसं काय?"

त्यांनी घास खाली ठेवला. पाण्याचा पेला घेतला, ही टाकी. चमचा, हा पाइप. लिंबाची फोड, ही झडप. ते सांगायला लागले, आधी अडखळत, मग आवाज चढत गेला, बूथमधला आवाज. पोरगी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. एका जागी हाशमभाईंनी चमचा चुकीच्या बाजूला लावला. ती वाढायला म्हणून वाकली आणि वाकता वाकता बोटानं चमचा सरकवून बरोबर जागी ठेवला. त्यांना कळलंही नाही. मला दिसलं.

हाशिरही कौतुकानं बघत होता. हसून म्हणाला, "अब्बा, पण हिला काय करायचंय हे आता? हिच्या इकाम्यावर तर लिहिलंय, काम करायला परवानगी नाही." मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या सगळ्याच बायकांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तसं लिहिलेलं असतं.

हाशमभाई थांबले. पेला उचलला, त्यातलं पाणी पिऊन टाकलं. चमचा खिरीच्या वाटीत गेला.

"खरं हाय," ते म्हणाले. "काय करायचंय."

"सांगा ना अब्बा," मेहनाज म्हणाली. "स्प्रिंगपर्यंत आला होतात."

"जेव तू. गार होतंय."

पोरगा रडायला लागला म्हणून ती उठली. आत बराच वेळ लागला तिला. पोरगा केव्हाच गप्प झाला होता.

परतीच्या बसमध्ये हाशमभाईंनी ब्रेक दाबला नाही. पाय सरळ ठेवून खिडकीला टेकून बसले. ताइफचा घाट आला, वळणांवर ड्रायव्हर गाडी वाट्टेल तशी कापत होता, तरी त्याला काही बोलले नाहीत. घाट संपून सपाट वाळू लागली तेव्हा मला म्हणाले, "क्लार्कसाब, बुकातली ती ओळ काय होती? स्वतःच्या..."

"विनंतीवरून."

"हां. मी निदान विनंती तरी केली होती रे." मग थोड्या वेळानं, "तिनं ती पण नाय केली."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.